नर्सेसना व्यसनाचं मूल्यमापन आणि उपचार शिकवायचे तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: सर्वसाधारण रुग्णालयातल्या मेडिसिन, सर्जरी आणि अपघात विभागातल्या नर्सेसना दारू, तंबाखू, अफूजन्य पदार्थ आणि झोपेच्या गोळ्या यांच्या वापराचं मूल्यमापन आणि उपचार शिकवायचे आहेत. दरवर्षी एक दिवसाचं व्याख्यान होतं, हजेरीपत्रकावर सह्या होतात, प्रमाणपत्रं मिळतात आणि वॉर्डात काहीही बदलत नाही. अभ्यासक्रमात काय ठेवावं, काय गाळावं आणि शिकलेलं टिकावं म्हणून काय करावं?

आधी गाळायचं काय ते. ‘व्यसनाचे दुष्परिणाम’ हे सत्र काढून टाका. दारूनं यकृत खराब होतं हे माहीत नसलेली नर्स सापडणार नाही. घोडं अडतं ते तीन ठिकाणी: नेमक्या कोणत्या शब्दांत विचारायचं, मिळालेल्या उत्तराचा आकडा कसा काढायचा, आणि आकडा आला की पुढच्या तासाभरात करायचं काय. यातलं तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. जो आकडा भरून कुणाच्याच हातून काही वेगळं होत नाही, तो नर्स पंधरा दिवसांत अंदाजानं भरायला लागते आणि त्यात तिची चूक नसते. म्हणून एक नियम धरून चाला. ज्या गुणांकाला कृती जोडलेली नाही, तो गुणांक शिकवूच नका.

रचना अशी ठेवावी: १२ जणींचा गट, प्रत्येकी ६ तासांचे दोन दिवस, दोन्हींत आठवड्याचं अंतर. या आठवड्यात प्रत्येकीनं आपापल्या वॉर्डातल्या ५ रुग्णांना प्रश्नावली विचारून आणायची. नंतर १० ते १२ आठवडे वॉर्डातच सराव आणि अभिप्राय. बारा तासांपैकी ३ तास विचारणं आणि हिशेब, ४ तास विथड्रॉवल (पदार्थ थांबल्यावर होणारा शारीरिक त्रास), २ तास ओव्हरडोस आणि ओपिऑइडवरची (अफूजन्य आणि तत्सम पदार्थांवरची) औषधं, ३ तास संवाद. नंतरचे आठवडे वगळून फक्त दोन दिवस करणार असाल, तर खर्च वाचवा आणि काहीच करू नका. प्रेरणात्मक संवादाच्या (बदलाची कारणं रुग्णाच्याच तोंडून येतील असं बोलण्याच्या पद्धतीच्या) प्रशिक्षणावर विल्यम मिलर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली केलेल्या अभ्यासात कार्यशाळेनंतर अभिप्राय किंवा वैयक्तिक मार्गदर्शन मिळालेल्यांचं कौशल्य अधिक टिकलं होतं. नुसत्या कार्यशाळेनं आत्मविश्वास मात्र सगळ्यांचाच वाढतो, आणि धोका तिथेच असतो.

विचारणं

पहिली चूक जागेची. नातेवाईक खाटेला टेकून उभे असताना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नातेवाइकांसाठी असतं. ‘तपासणी करायची आहे, पाच मिनिटं बाहेर थांबा’ एवढं सांगून त्यांना बाहेर पाठवायला शिकवा. दुसरी चूक क्रमाची. एकदम दारूवर येऊ नका. ॲलर्जी आणि चालू औषधं झाली की त्याच सुरात तंबाखू, मग दारू, मग झोपेच्या आणि वेदनेच्या गोळ्या, मग गांजा आणि इतर पदार्थ, आणि शेवटी ‘कधी सुईनं घेतलंय का?’ इतका वेळ सपाट आवाजात विचारणारी नर्स दारूपाशी येऊन आवाज खाली आणते किंवा हसते, आणि त्या क्षणी रुग्णाला कळतं की इथे खोटं बोलायला हवं. हे सांगून कळत नाही. रेकॉर्डिंग करून त्यांचं त्यांना ऐकवावं लागतं.

तिसरी चूक शब्दांची. ‘दारू वगैरे घेत नाही ना?’ या प्रश्नात उत्तर आधीच ठरलेलं आहे. त्याऐवजी: ‘गेल्या वर्षभरात बिअर, वाइन, व्हिस्की यातलं काही घेतलंत?’ आणि मग ‘ज्या दिवशी घेता त्या दिवशी बाटली किती उतरते? एखादी पूर्ण जाते का?’ आकडा मुद्दाम मोठा सुचवायचा. माणूस त्यावरून खाली येतो आणि खाली येऊन सांगितलेला आकडा खऱ्याच्या बराच जवळ असतो. लहान आकडा सुचवला तर तो त्यालाच ‘हो’ म्हणतो.

आता हिशेब. मिलिलिटर गुणिले टक्केवारी भागिले १००, त्याला ०.७८९ नं गुणलं की शुद्ध अल्कोहोलचे ग्रॅम मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ या दारूविषयीच्या प्रश्नावलीत १० ग्रॅम म्हणजे एक प्रमाणित पेय. ४० टक्क्यांच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २३७ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ २४ पेयं. तिसरा हिस्सा बाटली रोज घेणारा माणूस ‘दोन पेग घेतो’ म्हणतो, पण त्याच्या पोटात ८ प्रमाणित पेयं जातात. ५०० मिलिलिटर बिअर ५ टक्क्यांची असेल तर २ पेयं आणि ८ टक्क्यांची असेल तर ३. वर्गात रिकाम्या बाटल्या, निरनिराळे ग्लास आणि पाणी ठेवा, आणि ‘एक पेग’ ओतायला सांगा. बारा जणींचे बारा पेग निघतात. कागदावर ‘पेग’ हे माप का लिहायचं नाही, हे त्यानंतर वेगळं समजावावं लागत नाही.

केसपेपरवर तीन शब्द बंद करा: ‘कधीकधी’, ‘सोशल’ आणि ‘क्रॉनिक’. त्यांच्या जागी चार गोष्टी यायला हव्यात: पदार्थ, मात्रा, किती दिवसांनी, आणि शेवटचं सेवन किती वाजता. चौथी गोष्ट बहुतेक केसपेपरांत नसते आणि नेमकं पुढचं सगळं घड्याळ तिच्यावर चालतं. दारूच्या बाबतीत आणखी दोन प्रश्न लागतात: ‘सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि घेतल्यावर थांबतात असं होतं का?’ आणि ‘याआधी कधी दारू थांबल्यावर फिट आली होती किंवा भलतंसलतं दिसलं होतं?’

साधनं किती शिकवायची? कमी. दारूसाठी ऑडिटचे पहिले तीन प्रश्न, ज्यांचे गुण ० ते १२ होतात. पुरुषांत ४ किंवा जास्त आणि स्त्रियांत ३ किंवा जास्त आले की उरलेले सात विचारायचे. पूर्ण ऑडिट ० ते ४०. ८ ते १५ ला साधा सल्ला, १६ ते १९ ला संक्षिप्त समुपदेशन आणि पाठपुरावा, २० किंवा अधिकला निदानासाठी तज्ज्ञाकडे. इतर पदार्थांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचीच ‘असिस्ट’ प्रश्नावली: प्रत्येक पदार्थाला वेगळे गुण, ४ ते २६ मध्यम धोका, २७ आणि पुढे जास्त. दारूचा मध्यम पट्टा मात्र ११ पासून सुरू होतो आणि इथे सर्रास चूक होते. चार प्रश्नांची ‘केज’ ही दारूची प्रश्नावली लक्षात ठेवायला सोपी म्हणून लोकप्रिय आहे, पण ती आयुष्यभराचं विचारते आणि मात्रा विचारतच नाही. वीस वर्षांपूर्वी सोडलेला माणूस तिच्यात पॉझिटिव्ह येतो आणि गेल्या महिन्यापासून रोज ६ पेयं घेणारा निसटू शकतो.

चाळणी (स्क्रीनिंग) म्हणजे निदान नव्हे, हे एकदा ठासून सांगावं. डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेत सेवन विकाराचे ११ निकष आहेत. १२ महिन्यांत २-३ असतील तर सौम्य, ४-५ मध्यम, ६ किंवा अधिक तीव्र. त्यातली एक तळटीप नर्सेसनी पाठच करावी. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे औषध घेणाऱ्याला त्याच औषधाची शरीराला सवय झाली (तोच असर यायला डोस वाढवावा लागला) किंवा ते थांबवल्यावर विथड्रॉवल आला, तर हे दोन निकष धरायचे नाहीत. कर्करोगाच्या वेदनेसाठी मॉर्फिन घेणाऱ्या रुग्णाच्या कागदावर ‘व्यसनी’ असा शेरा पडतो तो ही तळटीप माहीत नसल्यामुळे. आणि मग त्याला वेदना असताना डोस उशिरा मिळतो.

लघवीच्या तपासणीवर अर्धा तास पुरे, पण एक गोष्ट चुकवू नका. नेहमीची ‘ओपिएट’ पट्टी मॉर्फिनसदृश पदार्थ पकडते. फेंटानिल, मेथाडोन, बुप्रेनॉर्फिन आणि ट्रॅमाडोल तिच्यात सहसा दिसत नाहीत. ‘निगेटिव्ह आली म्हणजे घेतलेलं नाही’ असा निष्कर्ष काढून पुढचा सगळा उपचार चुकू शकतो. उलट सुडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या गोळीनं ॲम्फेटामिनची पट्टी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

दारूचा विथड्रॉवल

चार तास इथे द्या, कारण वॉर्डात माणूस दगावण्याची शक्यता इथे सर्वात जास्त असते, आणि बहुतेक वेळा लक्षणं पहिल्यांदा दिसतात ती नर्सला.

घड्याळ आधी. शेवटच्या पेयानंतर ६ तासांपासून कंप, घाम, मळमळ, अस्वस्थता. ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. १२ तासांनंतर भास सुरू होऊ शकतात आणि त्या वेळी रुग्ण पुष्कळदा पूर्ण भानावर असतो. डिलिरियम ट्रेमेन्स (तीव्र गोंधळ, भास आणि कंप असलेली जीवघेणी अवस्था) सहसा ४८ ते ९६ तासांत. हेच घड्याळ शस्त्रक्रियेच्या रुग्णावर लावून दाखवा. काल सकाळी दाखल, रात्रीपासून उपाशी, आज दुपारी शस्त्रक्रिया, आणि उद्या-परवा पहाटे तो सलाइन ओढून पळायला लागतो. कागदावर लिहिलं जातं ‘भूल उतरत नाही’ किंवा ‘रुग्ण सहकार्य करत नाही’. शेवटच्या सेवनाची वेळ पहिल्या पानावर असती तर ही रात्र कधी येणार हे दोन दिवस आधी सांगता आलं असतं.

मोजमापासाठी सीवा-एआर ही दहा बाबींची मोजपट्टी. नऊ बाबींना ० ते ७, दिशाभानाला ० ते ४, एकूण ६७. भरायला पाच मिनिटांहून कमी लागतात. फॉर्म वाचून दाखवणं म्हणजे शिकवणं नव्हे. चुका ठरलेल्या आहेत आणि त्याच घोटून घ्याव्या लागतात.

कंप पाहताना हात पुढे पसरून बोटं फाकवायला सांगायचं. डोळ्यांना दिसत नसेल तर बोटांच्या टोकाला आपली बोटं लावून पाहायचं. तसा जाणवला तर १. हात पसरल्यावर मध्यम दिसला तर ४, आणि हात न पसरताही जोरदार असेल तर ७. पांघरुणावर ठेवलेल्या हाताकडे दारातून बघून दिलेला शून्य ही वॉर्डातली सर्वांत सामान्य चूक. डोकेदुखीच्या बाबीत चक्कर किंवा डोकं हलकं वाटणं धरायचं नाही. नाडी आणि रक्तदाब लिहायचे, पण ते गुणांत मिळवायचे नाहीत. इथेच एक सापळा आहे: बीटा-ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारं औषध) घेणाऱ्याची नाडी ७६ राहते आणि नर्सला वाटतं सगळं ठीक आहे.

गुणांक वाढला म्हणजे विथड्रॉवलच, असंही नाही. ताप, रक्तातली साखर उतरणं, डोक्याला मार, न्यूमोनिया, यकृताच्या आजारातला गोंधळ यांतही घाम, अस्वस्थता आणि दिशाभान हरपणं येतं. म्हणून नियम करा: पहिल्या सीवाबरोबर ग्लुकोज, तापमान, ऑक्सिजन आणि बाहुल्या तपासल्याच पाहिजेत. आणि जो रुग्ण बोलू शकत नाही, नळी घातलेला आहे किंवा आधीच डिलिरियममध्ये आहे, त्याच्यासाठी ही मोजपट्टी नाहीच. तिच्यातली निम्मी उत्तरं रुग्णानं द्यायची असतात. अशा वेळी शांतपणाची पातळी मोजणारी पट्टी वापरायची आणि डॉक्टरांना बोलवायचं.

कृतीची जोड साधारण अशी. आपल्या रुग्णालयाच्या लेखी ऑर्डरशी ती जुळवून घ्या. ८ च्या खाली: औषध नाही, ४ ते ८ तासांनी पुन्हा मोजणं. ८ ते १५: डायझेपाम १० मिलिग्रॅम तोंडाने, तासाभरानं पुन्हा मोजणं. १५ च्या वर: डॉक्टर खाटेपाशी हवेत, डोस मोठा आणि तासातासाला मोजणं. म्हातारा रुग्ण, यकृत बिघडलेलं किंवा श्वासाचा आजार असेल तर डायझेपामऐवजी लोराझेपाम १ ते २ मिलिग्रॅम, कारण त्याचा निचरा आजारी यकृतालाही बऱ्यापैकी जमतो आणि ते साठत नाही. प्रत्येक डोसआधी दोनच गोष्टी बघायच्या: हाक मारल्यावर डोळे उघडतो का, आणि मिनिटाला श्वास किती. झोपलेल्या रुग्णाला ‘ऑर्डर आहे’ म्हणून उठवून बेंझोडायझेपिन (डायझेपाम, लोराझेपाम यांचा वर्ग) देणं आणि थरथरणाऱ्याला ‘पुढचा डोस सहाला आहे’ म्हणून थांबवणं, ही एकाच चुकीची दोन तोंडं.

लक्षणं पाहून डोस द्यायची पद्धत का शिकायची, याला १९९४ सालचा सैट्झ यांचा तुलनात्मक अभ्यास पुरेसा आहे: ठरावीक वेळांना औषध दिलेल्या गटात उपचाराचा मध्यक काळ ६८ तास होता, तर लक्षणांनुसार दिलेल्या गटात ९ तास. पण हा फायदा नर्सचं मोजणं विश्वासार्ह असेल तरच. आधी फिट किंवा डिलिरियम झालेला रुग्ण असेल तर गुणांक चढायची वाट पाहायची नाही. त्याला सुरुवातीपासूनच औषध लागतं.

विश्वासार्हता तपासायची सोपी पद्धत म्हणजे एका रुग्णाला दोघींनी एकमेकींचं न बघता मोजायचं. फरक २ गुणांच्या आत असेल तर ठीक. त्याहून जास्त असेल तर कुठल्या बाबीत फाटा फुटला ते बघून तीच बाब पुन्हा करायची. प्रत्येकीनं असे ५ रुग्ण पूर्ण केल्याशिवाय तिचा सीवा औषधासाठी धरू नये.

थायमिनबद्दल (जीवनसत्त्व बी-१) एक अर्धवट समज घट्ट बसलेली आहे. ‘ग्लुकोजच्या आधी थायमिन’ हे बरोबर, पण साखर उतरून बेशुद्ध पडलेल्या रुग्णाचं ग्लुकोज थायमिनची बाटली शोधण्यासाठी रोखून धरायचं नाही. दोन्ही एकत्र द्यायचं. दुसरी गोष्ट: डोळ्यांच्या हालचालीत दोष, तोल जाणं आणि गोंधळ हे वर्निकेचं (थायमिनच्या कमतरतेनं होणाऱ्या मेंदूच्या आजाराचं) त्रिकूट पूर्ण दिसेल अशी वाट पाहिली तर बहुतेक रुग्ण सुटतात, कारण तिन्ही लक्षणं थोड्याच जणांत एकत्र येतात. एकाची जरी शंका आली तरी शिरेतून मोठा डोस. अनेक ठिकाणी तो ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, १०० मिलिलिटर सलाइनमधून अर्ध्या तासात असा देतात. तोंडाच्या गोळीनं इथे भागत नाही, कारण दारू पिणाऱ्याच्या आतड्यातून ती फारच कमी शोषली जाते.

ओपिऑइड

इथे विथड्रॉवल मोजायची मोजपट्टी म्हणजे काऊज: ११ बाबी, ४८ गुण. ५ ते १२ सौम्य, १३ ते २४ मध्यम, त्यापुढे तीव्रतेकडे. नाडी रुग्ण एक मिनिट बसल्यावर किंवा आडवा झाल्यावर मोजायची, नाहीतर जिना चढून आलेल्याला उगाच २ गुण मिळतात. बाहुल्या, अंगावरचा काटा, जांभया, नाकाडोळ्यांतलं पाणी या दिसणाऱ्या खुणांवर भर द्या. ‘फार त्रास होतोय’ हे खरं असतं, पण त्यावरून वेळ ठरत नाही.

वेळ कशाची? बुप्रेनॉर्फिन या ओपिऑइडच्या उपचारातल्या औषधाच्या पहिल्या डोसाची. हे औषध रिसेप्टरला (मेंदूत ओपिऑइड जिथे बसतं त्या जागेला) फार घट्ट चिकटतं पण त्याला अर्धवटच चालवतं. पूर्ण ताकदीचं ओपिऑइड अजून बसलेलं असताना दिलं तर ते त्याला हाकलून देतं, आणि अर्ध्या ते दीड तासात रुग्णाला जबरदस्त विथड्रॉवल येतो. तो रुग्ण पुन्हा त्या गोळीला हात लावत नाही आणि वॉर्डाला वाटतं ‘औषध लागू पडलं नाही’. म्हणून हेरॉइनसारख्या कमी वेळ टिकणाऱ्या पदार्थानंतर किमान १२ तास, मेथाडोननंतर २४ तासांहून बरंच जास्त, आणि काऊज निदान ८ ते १२ असल्याशिवाय पहिली गोळी नाही. फेंटानिल नियमित घेणाऱ्यात घड्याळावर एवढा भरवसा ठेवू नका. ते चरबीत साठतं आणि उशिरापर्यंत निघत राहतं. पहिला डोस २ ते ४ मिलिग्रॅम जिभेखाली, तासा-दोन तासांनी पुन्हा काऊज. आधी तोंड ओलं करायला घोटभर पाणी, मग गोळी पूर्ण विरघळेपर्यंत ५ ते १० मिनिटं बोलायचं नाही आणि गिळायचं नाही. गिळली तर यकृतातच बहुतेक औषध संपतं आणि रुग्ण म्हणतो ‘डोस पुरत नाही’. डोस वाढवण्याआधी एकदा त्याला घेताना बघा.

उपचारातलं दुसरं औषध मेथाडोन, त्याचा धोका वेगळा. ते हळूहळू साठतं. पहिल्या दिवशी बरोबर वाटलेला डोस चौथ्या-पाचव्या दिवशी तोच राहूनही जास्त होतो. सुरुवातीचे दोन आठवडे डोसआधी झापड बघायची. सलग ३ किंवा जास्त दिवस डोस चुकला असेल तर जुनाच डोस देऊन टाकायचा नाही, डॉक्टरांना विचारायचं. यापैकी कुठल्याही औषधावर असलेला रुग्ण हाड मोडून आला तर त्याचं औषध चालूच राहतं आणि वेदनाशामक त्यावर वेगळं द्यावं लागतं. ‘मेथाडोन घेतोय ना, मग दुखायला नको’ हा वॉर्डातला समज चुकीचा आहे. गर्भवतीमध्येही औषध बंद करून डिटॉक्स करायचा नाही.

ओव्हरडोस पुतळ्यावर करून घ्या, तोंडी नको. बेशुद्धी, मंद श्वास आणि टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या. सर्वांत आधी श्वास: वायुमार्ग मोकळा, बॅग-मास्कनं हवा. सिरिंज शोधण्यात गेलेली दोन मिनिटं मेंदूला परवडत नाहीत. मग नालोक्सोन, ओपिऑइडचा असर उलटवणारं औषध. वॉर्डातल्या श्वास चालू असलेल्या रुग्णात ०.४ मिलिग्रॅमचं १० मिलिलिटर करून दर दोन मिनिटांनी १-२ मिलिलिटर. श्वास थांबलाच असेल तर ०.४ ते २ मिलिग्रॅम. ध्येय श्वास मिनिटाला १० ते १२ हे आहे, ‘रुग्ण उठून बसला’ हे नाही. पूर्ण जागा केलेला रुग्ण उलट्या करतो, चिडतो आणि निघून जातो. आणि नालोक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो, मेथाडोनचा नाही. घरी जाताना तो रस्त्यात पुन्हा झोपतो. म्हणून निरीक्षण किमान २ तास, जास्त वेळ टिकणारं औषध असेल तर बरंच अधिक.

बाकीचे पदार्थ

झोपेच्या गोळ्यांबद्दल एकच वाक्य पक्कं करा: बरेच महिने रोज घेणाऱ्याची गोळी दाखल होताच बंद करायची नाही, फिट येते. उतरवायची तर दर २ ते ४ आठवड्यांनी ५ ते १० टक्के, तेही वॉर्डातून गेल्यावर.

तंबाखूत ‘उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात?’ हा प्रश्न सर्वांत कामाचा. ३० मिनिटांच्या आत असेल तर निकोटिन च्युइंगगम ४ मिलिग्रॅमचं, नाहीतर २ चं. चावत राहायचं नसतं. चव तिखट झाली की गालात ठेवायचं. आधी १५ मिनिटं कॉफी किंवा आंबट पेय नको, नाहीतर शोषण होत नाही. जी बाब क्वचितच शिकवली जाते ती अशी: सिगारेटच्या धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही मानसिक आजारावरची औषधं लवकर निकामी होतात. रुग्णालयात धूम्रपान थांबलं की काही दिवसांत त्यांची रक्तातली पातळी चढते. निकोटिनचा पॅच ती रोखत नाही, कारण हे काम धुराचं असतं, निकोटिनचं नाही. झापड वाढलेली नर्सलाच आधी दिसते.

संवाद

तीन तासांपैकी अडीच तास तिघी-तिघींच्या गटात बोलण्यात जावेत: एक नर्स, एक रुग्ण, एक मोजणारी. मोजणारीनं फक्त रेघा मारायच्या, प्रश्न किती आणि रुग्णाचं म्हणणं परत मांडणारी वाक्यं किती. सुरुवातीला प्रमाण आठास एक वगैरे निघतं. प्रत्येक प्रश्नामागे निदान एक मांडणी हे पहिलं लक्ष्य, दोन झाल्या तर उत्तम.

रुग्ण: ‘सिस्टर, मला काय रोज लागत नाही. टेन्शन असलं की घेतो.’

नेहमीचं उत्तर: ‘पण काका, तुमचा लिव्हरचा रिपोर्ट बघितलात का?’ इथून काका बचाव करतात आणि आपण खटला चालवतो.

दुसरं उत्तर: ‘म्हणजे टेन्शन उतरवायला तुमच्या हाताशी हाच उपाय आहे.’

रुग्ण: ‘हो, पण आता उतरत पण नाही. सकाळी उलट जास्तच होतं.’

‘ज्यासाठी घेता, तेच वाढायला लागलंय.’

पहिल्या उत्तरात बदलाची कारणं नर्स देत होती, दुसऱ्यात रुग्ण देतोय. प्रेरणात्मक संवादाचा गाभा एवढाच आहे. बाकीच्या आद्याक्षरांच्या जुळण्या परीक्षेसाठी ठेवा. मोजपट्टीचा प्रश्नही उलटा विचारायला शिकवा. ‘० ते १० मध्ये कमी करणं किती महत्त्वाचं वाटतं?’ याला ४ आलं तर ‘१० का नाही?’ विचारलं की तो अडचणी मोजतो; ‘२ का नाही, ४ का?’ विचारलं की कारणं मोजतो.

आणि हँडओव्हरची, म्हणजे पाळी बदलताना रुग्ण सोपवण्याची, भाषा. जॉन केली यांनी २०१० साली ५०० हून अधिक मानसोपचार क्षेत्रातल्या तज्ज्ञांना एकच केस रुग्णासाठी दोन वेगवेगळे शब्द वापरून दिली. ज्यांच्या कागदावर ‘गैरवापर करणारा’ होतं, त्यांनी त्याच रुग्णाला अधिक दोषी आणि शिक्षेस पात्र मानलं. पण ‘मद्यसेवन विकार असलेली व्यक्ती’ असं रात्री दोन वाजता कोणी म्हणणार नाही, म्हणून बोलण्याजोगे पर्याय द्या: ‘दारुडा’ऐवजी ‘दारू घेतो, शेवटची काल रात्री दहाला’. लघवी ‘क्लीन’ नाही, ‘निगेटिव्ह’. ‘दारू घेतो…’ या वाक्यात माहितीही जास्त आहे, हे नर्सेसना लगेच पटतं.

शिकलेलं टिकलं का

प्रशिक्षणाआधी आणि नंतर घेतलेली बहुपर्यायी परीक्षा काहीच सांगत नाही. दर महिन्याला त्या वॉर्डातले कुठलेही २० केसपेपर काढा आणि पाच गोष्टी मोजा: पदार्थांबद्दल विचारल्याची नोंद आहे का, शेवटच्या सेवनाची वेळ आहे का, ८ किंवा त्यावरच्या प्रत्येक सीवानंतर तासाभरात काही केलं गेलं का, दारूच्या रुग्णाला थायमिन पोचलं का, आणि डिस्चार्जच्या वेळी पुढच्या भेटीची तारीख व औषध हातात होतं का. आकडे नर्सेसच्या खोलीत लावा, नावं नकोत. तिसरा आकडा वाढत नसेल तर दोष बहुधा प्रशिक्षणाचा नसतो: डॉक्टरांची लेखी ऑर्डर आधीपासून केसपेपरवर नसते आणि रात्री फोन उचलला जात नाही. ती ऑर्डर तयार करून घेतल्याशिवाय पुढची बॅच सुरू करू नका.

पाचवा आकडा सगळ्यात उशिरा हलतो. ओपिऑइडचा रुग्ण दहा दिवस वॉर्डात राहिला की त्याच्या शरीराची ओपिऑइड सोसण्याची सहनशक्ती उतरलेली असते, आणि बाहेर जाऊन तो जुनाच डोस घेतो. हे वाक्य त्याला आणि घरच्यांना डिस्चार्जच्या दिवशी नर्सनं तोंडी सांगायचं, नालोक्सोन उपलब्ध असेल तर ते हातात द्यायचं, आणि घरच्या माणसाकडून नाकात फवारायची कृती एकदा करवून घ्यायची. वेळ लागतो साधारण सहा मिनिटं. डिस्चार्जच्या फॉर्मवर त्यासाठी एक रकाना आणि सहीची जागा करून ठेवा.